खोक्यातल्या तीनशे बारा विहिरी

एकदा एका निवृत्त ओव्हरसियरने तीनशे बारा विहिरी एका खोक्यात भरल्या. थाप वाटत असेल तर वाटू द्या. खोके म्हणजे त्याच्या घरचा संगणक, आणि नऊ वर्षे दर महिन्याला एकेका विहिरीत दोर सोडून मोजलेले पाणी त्याने त्यात उतरवले होते. त्यांतली एक विहीर इतकी खोल, की खडा टाकावा, चहा पिऊन यावे आणि मग आवाज ऐकावा.

पंधरा दिवसांवर ग्रामसभा आली होती. विहिरी आटल्या आहेत, बुजवून टाकू, असे सरपंचांचे म्हणणे. त्या आटलेल्या नाहीत याचा पुरावा साऱ्या पंचक्रोशीत त्या एका खोक्यातच होता.

ओव्हरसियरला संगणक शिकवला होता ऐंशीच्या घरातल्या एका गुरुजींनी. ते घरी आले आणि शिष्याने नारळ देऊन नमस्कार केला, तेव्हा त्यांनी सहज विचारले, या सगळ्याची प्रत आहे ना? शिष्य फुलला. दर रविवारी संगणकातल्याच सोयीने तो पूर्ण बॅकअप घेई, ती बाहेरची डिस्क लाल फडक्यात गुंडाळून देवघराखालच्या फडताळात ठेवी. दसऱ्याला तिला हळदकुंकूही वाही.

"दर वेळी पडद्यावर 'बॅकअप यशस्वी' असंच येतं, गुरुजी."

गुरुजींनी संगणक बंद केला, पेचकस मागितला, आतली डिस्क काढून आपल्या पिशवीतली कोरी बसवली आणि काढलेली घेऊन परसात गेले. परसातल्या विहिरीतून 'डुबुक' असा आवाज आला. रिकाम्या हातांनी परत येऊन ते म्हणाले, "आता आण विहिरी परत."

 शिष्याने संगणक चालू करायचा पेनड्राइव्ह लावून तो उठवला, फडक्यातली डिस्क जोडली. संगणक म्हणाला, प्रत सापडली नाही. वायर बदलली, खाच बदलली, कुंकू फुंकून काढले. पुन्हा तेच.

"नऊ वर्षं बुडवलीत माझी," तो कळवळून म्हणाला.

"चहात आलं कमी पडलंय," गुरुजी म्हणाले. "त्या प्रतीला काही केलं होतंस का?"

"काही नाही हो. दर रविवारी नाव तेवढं बदलतो. देवघराखाली ते इंग्रजी नाव बरं दिसेना, म्हणून 'श्री विहीर-संग्रह'..."

बोलता बोलता तो थांबला. संगणक शोधत होता स्वतः ठेवलेले नाव, आणि याने तर दर आठवड्याला नवे बारसे केले होते. गुरुजींच्या लॅपटॉपला डिस्क जोडून त्याने जुने नाव जसेच्या तसे परत दिले. पट्टी सरकू लागली. दोन तासांनी तीनशे बाराच्या तीनशे बारा विहिरी पडद्यावर उभ्या राहिल्या, आणि अडुसष्ट वर्षांचा ओव्हरसियर टेबलाभोवती फुगडी घालावी तसा फिरला.

मग गुरुजींनी परसातल्या कोनाड्यातून मूळ डिस्क आणून हातात दिली. बुडाला होता तो नारळ.

"दोर सोडला म्हणून कुणाची तहान भागत नाही," ते म्हणाले. "भरलेली बादली काठावर आली, की विहीर आपली. तू नऊ वर्षं नुसता दोर सोडत होतास. मूळ डिस्क धडधाकट आहे तोवरच बादली एकदा वर ओढून बघावी. ती गेल्यावर गाठ कुठे सुटली ते कळतं, पाणी मात्र मिळत नाही."

मूळ डिस्क जागेवर गेली. नेमकी ग्रामसभेच्या सकाळी वीज दोनदा गेली-आली आणि ती डिस्क खरोखरच मेली. शिष्याने आधी चहा टाकला, आलं सढळ हाताने ठेचून. मग दुसरी डिस्क बसवली, रविवारची प्रत तिच्यावर उतरवली आणि त्यानंतरची दोन मोजमापे खिशातल्या डायरीतून भरली. दुपारी तो सभेत आकडे वाचत होता. चाळिसाव्या विहिरीला सरपंचांनी हात जोडले. बुजवणे रद्द झाले.

तरी खात्री करायला सरपंचांनी जाऊन त्या खोल विहिरीत खडा टाकलाच. सगळे चहाला गेले. शिष्य आणि गुरुजी तेवढे काठावर बसून राहिले, शांत. आत पाणी आहे हे त्यांना ठाऊक होते. मंडळी चहा पिऊन परतली, तेव्हा खालून आवाज आला, डुबुक.