सोमवारची सभा

"मग आणखी काय करायचं, अप्पाजी? मी स्वतः उचलून न्यायचं का तिला?"

नगराध्यक्ष गुरुलिंग हत्तरगे गाडीतून उतरले ते बोलतच मठाच्या ओसरीवर आले. चपला काढल्या, वाकून नमस्कार केला, तरी तोंड चालूच.

अप्पाजी शेंगा निवडत बसले होते. मठाधीश असले तरी दासोहाच्या, म्हणजे मठातल्या अन्नदानाच्या, चटणीच्या शेंगा ते स्वतः निवडत. दुसऱ्यानं निवडल्या की एखादी खवट राहतेच, असा त्यांचा ठाम समज होता. गुरुलिंग लहानपणी याच मठाच्या वसतिगृहात राहून शिकलेले. गावाला ते साहेब, अप्पाजींना मात्र अजून नुसते गुरुलिंगा.

"कुणाला उचलायचंय?"

"महानंदा बिराजदार. नवी नगरसेविका."

"ती पायानं अधू हाय ती?"

गुरुलिंगांनी लगेच हात वर केला. "असं म्हणायचं नसतं, अप्पाजी. दिव्यांग म्हणायचं. मी प्रशिक्षण घेऊन आलोय त्याचं. समानतेचं. जिल्ह्याला होतं, सगळ्या नगरसेवकांना. डोळ्यांना पट्टी बांधून चालवलं आम्हाला, चाकाच्या खुर्चीत बसवलं. प्रमाणपत्र मिळालंय."

"बरं. दिव्यांग." अप्पाजींनी एक शेंग फोडून पाहिली आणि बाजूला टाकली. "तिला तू काय म्हणून हाक मारतोस?"

"आमच्या दिव्यांग भगिनी."

"आणि बाकीच्या बायकांना?"

"...पाटीलताई, स्वामीताई. जिचं जे आडनाव."

अप्पाजी पुढची शेंग फोडू लागले.

गुरुलिंग खांबाला टेकून उभे राहिले. हा माणूस आपलं ऐकतो आहे की शेंगांचं, हे त्यांना लहानपणापासून कधी कळलं नव्हतं. तरी त्यांनी सगळं सांगितलं. सांगितल्याशिवाय राहवत नव्हतं, कारण मनाला लागलं होतं.

महानंदा दुसऱ्या पॅनेलमधून निवडून आलेली. तरी गुरुलिंगांनी आपपरभाव केला नाही. नगरपरिषदेचं सभागृह वरच्या मजल्यावर, जिना अरुंद, लिफ्टचा प्रस्ताव कुठल्याशा टेबलावर पेंगत पडलेला. म्हणून पहिल्या सभेला त्यांनी चार धट्टेकट्टे कर्मचारी उभे केले. खुर्चीला झेंडूच्या माळा बांधल्या. जिन्याच्या तोंडाशी हलगी लावली. महानंदा आली, तिला खुर्चीत बसवलं आणि हलगीच्या तालावर थेट वर नेलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फोटो गावभर फिरला.

त्यानंतर ती एकाही सभेला आली नाही.

"मी घरी गेलो तिच्या. म्हटलं, ताई, पुन्हा चौघं पाठवतो, माळा नको तर नको. तर म्हणते कशी, 'चौघांनी उचलायची वेळ ज्याच्या त्याच्यावर एकदाच येते, साहेब. माझी अजून आली नाही.'" गुरुलिंगांचा आवाज चिरकला. "भल्याची दुनियाच राहिली नाही."

"मग नको येऊ दे."

"तसं नाही ना! सलग सहा महिने सभेला गैरहजर राहिलं की पद जातं. सोमवारी आली नाही, की गेलं तिचं पद. लोकांनी तिला माझ्या उमेदवाराला पाडून निवडून दिलंय. लोक म्हणतील, हत्तरग्यानं काटा काढला. आणि खरं सांगतो, अप्पाजी... बाई कामाची आहे. तिच्या वॉर्डातल्या नाल्याचं पहिल्या सभेत जे बोलली, ते आमच्यात कुणाला सुचलं नव्हतं."

अप्पाजींचा हात थांबला. "खाली जागा न्हाई?"

"आहे. वाचनालयाचा हॉल. पण तिथं सभा कशी घेणार? वर माझी खुर्ची आहे, आजवरच्या सगळ्या अध्यक्षांच्या तसबिरी आहेत, वडिलांचीही आहे. सभा वरच भरते. आजोबांच्या काळापासून वरच."

"तिला विचारलं होतंस?"

"काय?"

"उचलू का म्हणून."

गुरुलिंग हसले. "विचारायचं काय त्यात? मदतच होती ती."

अप्पाजींनी सूप बाजूला सारलं. आत घंटा झाली.

अमावास्येचा दासोह होता. मठात जेवायला कोण येतं हे कुणी विचारत नाही, येईल तो बसतो. पंगत जमिनीवर, आणि एक नियम जुना: शेवटचा माणूस बसल्याशिवाय पहिल्या पानावर वाढत नाहीत. त्या दिवशी पंगत दाराबाहेरपर्यंत गेली होती. आमटीचा वास सुटला होता आणि हुग्गीचं पातेलं, गूळ घालून शिजवलेल्या गव्हाच्या खिरीचं, वाढप्यांनी नुकतंच उतरवलं होतं. लोक भुकेनं आवंढे गिळत होते.

गुरुलिंग आपल्या जागेकडे गेले. गुडघे गेल्यापासून त्यांना मांडी घालता येत नसे. त्यामुळे पंगतीच्या टोकाला त्यांच्यासाठी खुर्ची आणि पुढे स्टूल असे. कोण ठेवतं, कधी ठेवतं, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

आज टोकाला नुसतं पान मांडलेलं होतं.

"खुर्ची राहिली वाटतं," ते वाढप्याला म्हणाले.

"राहिली न्हाई," मागून अप्पाजी म्हणाले. "आज तुझ्यासाठी चौघं हायत."

चौघं खरंच होती. रोज पाण्याच्या कावडी वाहणारी, मठाच्या शेतात राबणारी पोरं. दोघांनी काखेत हात घातले, दोघांनी पाय धरले. गुरुलिंगांना 'अहो' म्हणायलाही सवड मिळाली नाही.

ते वर उचलले गेले. सदरा पोटावरून सरकला. टोपी पडली. अख्खी पंगत माना वर करून बघायला लागली.

"अलगद रं, साहेब हायत," एक जण म्हणाला.

"आई गं, काय वेळ आली बिचाऱ्यावर," एक म्हातारी हळहळली.

त्यांच्याच पक्षाच्या एका कार्यकर्त्यानं घाईघाईनं मोबाईल काढला. साहेबांना अप्पाजी काहीतरी मान देतायत, असं त्याला वाटलं असावं. दुसऱ्यानं टाळी वाजवली. मग चारपाच जणांनी वाजवली.

गुरुलिंगांनी आयुष्यात पुष्कळ टाळ्या ऐकल्या होत्या. पण या टाळ्यांनी त्यांचे कान तापले. त्यांना ओरडावंसं वाटत होतं आणि लाजही वाटत होती. उचलणाऱ्या पोरांच्या चेहऱ्यावर तर नुसती माया होती, त्यांच्यावर रागवायचं तरी कसं?

"खाली ठेवा... अरे, खाली ठेवा म्हणतो ना!"

पोरांनी अप्पाजींकडे पाहिलं.

"त्याला विचारायचं काय त्यात?" अप्पाजी म्हणाले. "मदतच हाय."

टाळ्या बंद झाल्या.

गुरुलिंगांचे डोळे भरून आले. कशानं ते त्यांना तेव्हा सांगता आलं नसतं. त्यांनी पोरांपैकी एकाच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी हळू म्हणाले, "मला उभं करा, बाबा."

पोरांनी त्यांना उभं केलं. एकानं टोपी उचलून दिली. अप्पाजींनी मान हलवली, तशी आतून खुर्ची आली, स्टूल आलं, पान स्टुलावर गेलं. गुरुलिंग बसले.

आणि लगेच वाढायला सुरुवात झाली.

चटणी आली, भाकरी आली, वाफाळती हुग्गी आली. लोक जेवू लागले. गुरुलिंगांनी चोरून इकडेतिकडे पाहिलं. त्यांच्याकडे कुणीच बघत नव्हतं. शेजारचा म्हातारा आमटी दे म्हणून वाढप्याच्या मागे लागला होता, पलीकडे दोन बायका कुणाच्या तरी सुनेवर बोलत होत्या. म्हातारीनं त्यांच्याकडे पाहिलं ते फक्त मिठाची वाटी सरकवा म्हणायला.

त्यांनी वाटी सरकवली. मग पोटभर जेवले. दोनदा हुग्गी घेतली.

हात धुवून ते ओसरीवर आले तेव्हा अप्पाजी पुन्हा शेंगांना बसले होते. गुरुलिंगांनी सुपातली एक शेंग उचलली, फोडली, वास घेतला आणि बाजूला टाकली.

"सोमवारची सभा खाली घेतो," ते शेवटी म्हणाले.

"तसबिरी?"

"राहू देत वर. त्यांना कुठं मत द्यायचंय."

अप्पाजींच्या मिशा किंचित हलल्या.

"आणि नुसती सोमवारची नाही. यापुढं खालीच." गुरुलिंगांना एकदम हुरूप आला. निर्णय घेतला की त्यांना कार्यक्रम सुचत असे, तो त्यांचा स्वभावच. "दाराशी कमान उभी करतो. महानंदाताईंना शाल, श्रीफळ. प्रशिक्षणाला शिकवायला आलेल्या बाईंनाही बोलावतो. सगळ्यांसमोर सांगतो, की केवळ आमच्या या भगिनीसाठी..."

बोलता बोलता ते अडखळले. अप्पाजी त्यांच्याकडे बघतही नव्हते.

"...नको?"

अप्पाजींनी शेंग फोडली, दाणा तोंडात टाकला, सावकाश चावला.

गुरुलिंग ओसरीच्या कठड्यावर टेकले. आत वाढपी पानं गोळा करत होते. दुसऱ्या पंगतीची माणसं दाराशी ताटकळत उभी होती.

"पण तिला काहीतरी निरोप द्यायला हवा ना, अप्पाजी. ती चिडलेली आहे माझ्यावर. काय सांगू?"

"बाकीच्यांना काय सांगतोस?"

"बाकीच्यांना? ...सोमवारी अकरा वाजता सभा, एवढंच. आता खालच्या हॉलमध्ये, असं सांगावं लागेल."

"मग तिलाही तेवढंच सांग," अप्पाजी म्हणाले. "आणि उशिरा आली, तर बाकीच्यांना झापतोस तसं तिलाही झाप."