तिसऱ्या बाकावरची पहिली फेरी

भोरजाईच्या डोंगराला वळसे घालत जो रोलर कोस्टर धावतो, त्याचे पाटीवरचे नाव ‘गरुडझेप’ आहे. गावात त्याला त्या नावाने कोणी ओळखत नाही. गाव त्याला ‘अवदसा’ म्हणते. रोज सकाळी त्याच्या तिसऱ्या बाकावर मालकाच्या घरचे एक माणूस एकटे पहिली फेरी मारते. ते सुखरूप उतरेपर्यंत रांग हलत नाही. असे का, ते आम्हांला फाटकावरच्या केरबाआजोबांनी रांगेतच सांगितले. माझ्या नऊ वर्षांच्या मुक्ताचा नंबर नेमका तिसऱ्या बाकावर येत होता. त्यामुळे मला ते ऐकायचे नव्हते, आणि ऐकल्यावाचून राहवतही नव्हते.

डोंगर फोडून हे लोखंड उभे राहिले, तेव्हा चाचणीसाठी बाकांवर वाळूची पोती बांधत, असे सांगतात. उद्घाटनाच्या सकाळी सहा पोती वर गेली आणि पाचच परत आली. तिसऱ्या बाकाचा अडणा, म्हणजे बसणाऱ्याला अडकवून ठेवणारा दांडा, उलट्या वळणावर उघडला होता. त्या बाकावरचे पोते खालच्या नाचणीच्या वावरात फुटलेले सापडले ते हौसाबाईला. ती फलाट झाडायची. पहिली फेरी गावच्या शाळेतल्या पोरांची ठरली होती, आणि तिची नात बकुळा नवा परकर नेसून रांगेत उभी होती.

फाटके पोते घेऊन हौसाबाई मालकापुढे गेली. मालक दादासाहेब धुमाळ म्हणे हसले.

“अगं, पोत्याला हात असतात का? माणूस धरून बसतं.”

“मग तुमी बसा.”

“मी?”

“व्हय. धरून.”

सगळे गाव बघत होते, शहरातले पाहुणे बघत होते. फेटा बांधलेल्या माणसाला माघार घेता येईना. दादासाहेब बसले. उलट्या वळणावर त्यांचा फेटा सुटून खाली आला, तेव्हा म्हणे एकही जण ओरडला नाही. गाडी थांबली तेव्हा अडणा सताड उघडा होता आणि दादासाहेब समोरच्या दांडीला चिकटलेले होते. बोटे एकेक करून सोडवावी लागली. त्यांनी पाणी मागितले. कोणी दिले नाही.

हौसाबाई एवढेच म्हणाली, “बसतंय की माणूस धरून. आता रोज तुझ्या घरचं आधी. मग आमची पोरं.”

अडणे त्याच आठवड्यात बदलले. गावाचा राग मात्र तोच राहिला.

आजही पहिली फेरी धुमाळांचीच असते. आम्ही गेलो त्या दिवशी घरचे पुरुष परगावी होते, म्हणून धाकटी सून आली. कडेवर आठ महिन्यांचे बाळ. ती वर रुळांकडे बघत नुसतीच उभी राहिली.

“लेकुरवाळी हाय,” मागून कोणी तरी म्हणाले. “आजच्या दिवस ऱ्हाऊ द्या.”

केरबाआजोबांनी मुक्ताकडे पाहिले, मग माझ्याकडे. रिक्षावाल्याने भलत्याच रस्त्याने नेले तरी गप्प बसणारी बाई मी. मी पुढे झाले आणि हात पसरले.

“बाळ माझ्याकडे द्या,” मी म्हणाले. “आणि बसा.”