कुंभारणीचा पितळी हंडा

लेकरांनो, आणि लेकरू मांडीवर घेऊन बसलेल्या बायांनो, ही गोष्ट फार फार मागची. तेव्हा झाडं माणसांपेक्षा जास्त होती आणि जनावरं मनातलं बोलून दाखवायची.

एका नदीकाठी कुंभारांची आळी होती. तिथे दोन जावा शेजारीशेजारी राहत. नवरे चाकावर मडकी घडवायचे. ती वाळवणं, आव्यात भाजणं आणि बाजारात विकणं हे बायकांचं काम. आवा म्हणजे मडक्यांची भट्टी. धाकटीला एक तान्ही लेक होती, बाळी, आणि दारात एक शेळी होती. धाकटीच्या अंगावर दूध कमी, म्हणून लेकीचं पोट शेळीच्याच दुधावर. थोरलीला मूलबाळ नव्हतं.

राजाने बाजाराच्या टोकाला एक पेढी घालून दिली होती. कुणाचं अडलं तर तिथे जावं, काहीतरी तारण सांगावं, उचल घ्यावी आणि पुढच्या बाजाराला व्याजासकट परत करावी. सोय मोठी. सोयऱ्याधायऱ्यांपुढे तोंड वेंगाडायला नको, की कुणाचे टोमणे ऐकायला नकोत.

एकदा अवकाळी पावसात थोरलीचं जळण भिजलं. मडकी तर खडखडीत वाळलेली. ती पेढीवर गेली, उचल घेतली, कोरडं जळण आणलं, आवा लावला, मडकी विकली आणि उचल फेडून मोकळी झाली.

काही दिवसांनी तिच्या घरी पितळी हंडा आला.

झालं! पाणवठ्यावर दुसरा विषयच नाही. एक म्हणाली, "तुझ्या जावेच्या हंड्यात तोंड दिसतं गं!" दुसरी म्हणाली, "आणि तू वाहा आपली मातीची घागर." धाकटी वरवर हसली. हंडा उन्हात चमकला की तिच्या डोळ्यांत खुपे. त्याची कडी वाजली की काळजात वाजे. कुंभाराच्या घरी पितळ कशाला हवंय मेलं, असं ती दिवसभर पुटपुटे आणि रात्री तोच हंडा स्वप्नात बघे.

तिने एवढंच पाहिलं होतं की थोरली पेढीवर गेली आणि मग हंडा आला. मधलं काही पाहिलं नव्हतं. ती उठली आणि पेढीवर गेली.

तिथला म्हातारा मुनीम म्हणाला, "बाई, फेडणार कशातून?"

"आव्यातून."

"मडकी वाळलीत का?"

"वाळतील की!"

"बरं. पुढच्या बाजाराला आणून द्या. नाहीच जमलं तर नुसतं व्याज द्या, मुद्दल पुढे जाईल. पण असं दोनदाच. तिसऱ्यांदा तारण उचलावं लागेल. तारण काय?"

"शेळी," धाकटी म्हणाली. नवऱ्याला विचारलंसुद्धा नाही.

तिने त्या उचलीतून थोरलीच्या हंड्यापेक्षा मोठा हंडा आणला आणि मुद्दाम दाराच्या तोंडाशी ठेवला. शेळीने तो हुंगला आणि म्हणाली, "वैनी, याला पिळलं तर किती दूध निघतं?"

"गप गं! चारा खा."

मडकी ओलीच होती. आभाळ भरलेलं, ती वाळेनात. पुढचा बाजार आला, धाकटीने घरातली ज्वारी विकून व्याज दिलं. त्याच्या पुढच्या बाजाराला पायातली जोडवी विकली. दोनदा दिलं, पण उचल होती तेवढीच राहिली. आता एकच बाजार हातात होता. लेकीला दूध पाजताना ती सारखी शेळीकडे बघे.

शेवटी ऊन पडलं. मडकी वाळली. बाजाराच्या आदल्या दिवशी तिने आवा लावला.

आता कुंभारांचा एक नियम असतो. आग विझली तरी आवा लगेच उघडायचा नाही. वरच्या राखेवर हात ठेवायचा, राख गार लागली तरच मडक्याला वारा दाखवायचा. धाकटीला हे माहेरापासून ठाऊक. पण सकाळ झाली, बाजार भरू लागला आणि राखेला हात लावला तर चटका बसला.

थोरलीने कुंपणावरून पाहिलं आणि ओरडली, "अगं थांब! राख गरम आहे अजून!"

"तुम्हाला काय होतंय थांब म्हणायला? माझा हंडा मोठा, म्हणून पोटात दुखतंय तुमच्या!"

आणि तिने आवा उघडला. सकाळचा गार वारा आत शिरला. तड्, तड्, तड्... एकेक मडकं जागच्या जागी तडकलं. बाजारात न्यायला एक पणती उरली नाही.

दुपारी पेढीचा माणूस आला आणि शेळीचं दावं सोडलं. शेळी वळून म्हणाली, "वैनी, बाळीला सांगा, मी आपल्या मनाने गेले नाही."

संध्याकाळी लेक भुकेने रडू लागली. तिचं रडणं रिकाम्या हंड्यात घुमून दुप्पट ऐकू येई. धाकटीने हंड्यात पाहिलं. तोंड दिसत होतं खरं, पण बघवेना.

तेवढ्यात थोरली गाडग्यात दूध घेऊन आली. कुठून मागून आणलं कोण जाणे. बाळीला मांडीवर घेऊन कापडाच्या वातीने पाजू लागली.

धाकटी म्हणाली, "आक्का, पेढी तुम्हाला फळली आणि मला खाऊन बसली. असं कसं?"

"माझी मडकी तयार होती गं, नुसतं जळण अडलं होतं. आणि हंडा उचलीचा नाही. दोन उन्हाळे एक वेळ कमी जेवून साठवलं, त्याचा." थोरलीने वात पुन्हा दुधात बुडवली. "खरं सांगू? मीपण जळूनच घेतला तो. तुझ्या दारात ही रांगायला लागली, आळीतली प्रत्येक बाई तुझ्याकडेच वळायची. वाटलं, हंडा आणला तर एखादी माझ्याकडे येईल."

धाकटीने दुधाचं गाडगं थोरलीच्या हाताशी सरकवलं. बाळी चटाचटा दूध पीत होती.

शेळी सोडवायला धाकटीने हंडा विकला. अर्ध्या किमतीत गेला. शेळी तोवर परमुलखातल्या धनगराच्या कळपात पोचली होती, ती काही परत आली नाही. बाळी रोज थोरलीने मागून आणलेल्या दुधावर वाढली.

तात्पर्य : उचल अडलेल्या कामाला लावली तर हात देते, शेजारणीच्या हेव्याला लावली तर लेकराच्या तोंडचं दूध नेते.