वेशीतला पाहुणा दगड

समुद्राच्या दोन काठांवर दोन म्हाताऱ्या नगऱ्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. त्यांनी एकमेकींच्या बहिणी व्हायचं ठरवलं आणि खूण म्हणून आपापल्या वेशीतला एकेक दगड एकमेकींना दिला.

इकडे सोनगिरीच्या वेशीत परदेशातला करडा दगड बसला. बायांनी त्याला हळदकुंकू वाहिलं. वेस मात्र फुगली. "माझा काळा लेक तिकडे धाडला, आणि हे कुणाचं पोर माझ्या कुशीत?" ती अंग चोरून उभी राहायची. येसबा गवंडी करड्या दगडाभोवतीच्या फटीत चुना भरायचा आणि सकाळी तो खाली पडलेला असायचा.

"वेशीबाई, असं केलंस तर तुझीच कमान ढासळेल गं," येसबा म्हणायचा.

थंडीत त्या दूरदेशाहून धोबी पक्षी आला आणि वेशीवर शेपटी हलवत बसला. वेशीनं हळूच विचारलं, "माझा काळा दिसला का रे?"

"दिसला की! पहिल्या बर्फात कुडकुडत होता. तिथली वेस म्हणाली, 'टेक बाळा माझ्यावर.' आता तिच्या कुशीत गाढ झोपतो."

रात्री धुकं उतरलं आणि त्या धुक्यात सोनगिरीच्या वेशीचे दगड हलकेच करड्या दगडाजवळ सरकले.

सकाळी येसबा चुन्याचं घमेलं घेऊन आला, तर फट उरलीच नव्हती. धोबी पक्षी आनंदानं ओरडणार, तोच वेस कुजबुजली, "हळू रे, लेकरू झोपलंय. तिकडे गेलास की त्याच्या आईला एवढं सांग."