स्वयंपाकघरातली भिंत

"मग भिंती परत बांधू का, महाराज?"

दौलतगिरीने पुन्हा विचारलं. भैरवगिरी महाराज ओसरीवर बसून दातात अडकलेलं काहीतरी काडीने काढत होते. ते निघालं. त्यांनी काडीकडे बघितलं. मग ती टाकली.

"कुठल्या भिंती?"

"स्वयंपाकघरातल्या. मी पाडल्या त्या."

"का पाडल्यास?"

"तुम्हाला विचारूनच पाडल्या होत्या."

"मी काय म्हणालो होतो?"

"काहीच म्हणाला नव्हता. मी होकार समजलो."

"असं..." महाराज म्हणाले.

गंगेच्या काठी हा मठ. येईल त्याला जेवण, हा तिथला नेम. स्वयंपाक काठावरची तीन गावं करतात. पगार कुणालाच नाही. पूर्वी तीन खोल्या होत्या आणि तीन चुली. एका गावाचा भात, एका गावाची आमटी, एका गावाची भाकरी. एका खोलीतला माणूस दुसऱ्या खोलीत डोकावत नसे. भाकरी तयार असे तेव्हा भात कच्चा, आणि भात उतरला की भाकरी गार.

दौलतगिरी हा महाराजांचा कारभारी शिष्य. हुशार माणूस. तो हुशार आहे हे त्याला दुसऱ्याने सांगावं लागत नसे. त्याने मधल्या भिंती पाडल्या. चुली एका रांगेत आणल्या. मधोमध स्वतःचं स्टूल ठेवलं. मग सगळ्यांना सांगितलं, आजपासून काम सगळ्यांचं. कुणीही कशालाही हात लावा. नवीन काही सुचलं तर बोला. इथे लहानमोठं कुणी नाही.

कुणी काही बोललं नाही.

काल मठाचा भंडारा होता. गावोगावची माणसं जेवायला आली. आमटी अळणी होती. तिच्यात मिठाचा कण नव्हता.

आज सकाळी दाराशी टेंपो उभा राहिला. तिन्ही गावांचे लोक आपापली पातेली त्यात चढवू लागले. त्यांचं म्हणणं एकच. झालेली शोभा पुरे, आता आम्हाला मोकळं करा. ते गेले की चूल विझणार. पिढ्यान्‌पिढ्यांचा नेम दौलतगिरीच्या हातून मोडणार. त्याने घाईने नूरू गवंड्याला बोलावून घेतलं होतं. भिंती परत उभ्या केल्या तर लोक थांबतील, असं त्याला वाटत होतं.

"आधी त्यांना बोलाव," महाराज म्हणाले.

गिरजाकाकू आली. आमटी तिची. मागून येसाजी आला. भात त्याचा. भाकरीवाली पारूबाई टेंपोपाशीच कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"गिरजा, मीठ कुणी घालायचं होतं?" महाराजांनी विचारलं.

"आधी मी घालायचे."

"आणि आता?"

"आता काम सगळ्यांचं आहे म्हणे."

येसाजी खाली बघून हसला.

"मीठ पडलं नाही, हे तुला ठाऊक होतं?"

"होतं की. आमटी उतरली तरी बरणीचं फडकं सकाळी बांधलं तसंच होतं. नैवेद्याआधी चाखायचं नसतं, पण बघायला कुणाची मनाई आहे?"

दौलतगिरी पुढे सरला. "मग बोलला का नाहीत, काकू?"

"आदल्या दिवशी तुम्हीच म्हणालात, भंडाऱ्याला काहीतरी नवीन करू. मला वाटलं, हेच ते."

"अळणी आमटी?"

"तुमचं काय सांगावं, दौलतबुवा."

"येसाजी, तुला काय झालं होतं?" दौलतगिरीने विचारलं.

"मलाही तसंच वाटलं. म्हटलं, तब्येतीला बरं असेल. हल्ली डॉक्टर सांगतात मीठ कमी करा म्हणून."

महाराजांची दाढी हलली. हसले की खोकले, ते कळलं नाही.

दौलतगिरीचा आवाज चढला. "मी रोज विचारत होतो की नाही? स्वयंपाकाआधी सगळ्यांना गोल करून बसवत होतो. सांगा, सुचवा, बोला. रोज."

"विचारत होता," काकू म्हणाली. "मी एकदा सांगितलंही. आमटीत कैरी घालू म्हटलं."

"मग मी नाही म्हणालो?"

"नाही कुठं म्हणालात? वा म्हणालात. मग म्हणालात, कैरीपेक्षा चिंच बरी. मग चिंच आहे तर गूळ हवा. मग गूळ आहे तर तिखट कमी. आणि पंगतीत सगळ्यांना सांगितलंत, ही आपल्या गिरजाकाकूंची कल्पना. मी वाटीत बघत बसले, यात माझं काय आहे..."

"मी फक्त सुधारली."

"हो. आमटी चांगली झाली होती."

"चांगली झाली ना?"

"चांगली झाली. म्हणून तर परत काही बोलले नाही."

दौलतगिरीला कळेना. आमटी चांगली झाली, तिला नाव काकूचं मिळालं, मग हिचं बिघडलं कुठं? त्याने येसाजीकडे बघितलं. येसाजी मान डोलावत होता. कशाला डोलावत होता, तेही कळेना.

मग तो महाराजांकडे वळला.

"त्यांचं राहू द्या. तुम्ही तर पहिल्या पंगतीत होता. पत्रावळीवर डाव्या हाताला मीठ वाढलेलं होतं. सगळ्यांच्याच होतं. तुम्ही चिमूटभर घेतलं असतं तर सगळ्यांनी घेतलं असतं. तुम्ही घेतलं नाही, म्हणून एकाचाही हात तिकडे गेला नाही. सगळी पंगत अळणी जेवून उठली. वर तुम्ही आमटी आणखी मागून घेतलीत."

"घेतली."

"का?"

"भूक होती."

"मीठ का नाही घेतलं?"

महाराज जरा आठवत बसले.

"एवढी पंगत बसली होती. म्हटलं, कुणीतरी घेईल... मग आपणही घेऊ."

"तुम्ही दुसऱ्याची वाट बघत होता?"

"हो."

"आणि ते तुमची."

"असं दिसतं..."

दौलतगिरी मटकन खाली बसला. "मला वाटलं होतं, त्यात काही अर्थ असेल. काल जाताना दोघातिघांनी माझ्यासमोर मीठ सोडलं, महाराज. जन्मभरासाठी."

"अरेरे," महाराज म्हणाले.

ते उठले. ओसरी उतरले आणि स्वयंपाकघरात गेले. सगळे मागे गेले. महाराजांनी चुलीतला एक विझलेला कोळसा उचलला. मधलं स्टूल पायाने बाजूला सारलं. ते होतं त्या जागेभोवती जमिनीवर एक चौकोन आखला. वाकडातिकडा होता.

"नूरू, इथं भिंत बांध."

नूरू गवंडी चौकोनाभोवती फिरला. "कुठल्या बाजूला, बाबा?"

"चारही."

"केवढी उंच?"

"माणूस दिसणार नाही एवढी."

पाडलेल्या भिंतींच्या विटा अंगणात पडून होत्या. नूरूने माती कालवली. त्याला प्रश्न विचारायची सवय नव्हती.

दौलतगिरी चौकोनाकडे बघत राहिला. "महाराज, इथे मी बसतो."

"ठाऊक आहे."

"मग भिंत झाली की मी आत बसायचं की बाहेर?"

"तुला काय वाटतं?"

दौलतगिरीला नेहमी काहीतरी वाटत असे. आज काही वाटलं नाही.

"दार कुणीकडून ठेवू?" नूरूने विचारलं.

सवयीने सगळ्यांच्या माना दौलतगिरीकडे वळल्या. त्याने तोंड उघडलं. पूर्वेकडून म्हणावं तर धूर येईल. पश्चिमेकडून म्हणावं तर चुली आडव्या येतात. पण मुळात दार कशाला? आणि आत आहे काय?

"मला कळत नाही," तो म्हणाला. "खरंच कळत नाही. मधोमध भिंत कशाला, आत कोण, बाहेर कोण... मला यातलं काहीच कळत नाही."

त्या स्वयंपाकघरात हे वाक्य त्याच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. माणसं एकमेकांकडे बघू लागली.

महाराजांनी हातावरची काजळी झटकली. ते ओसरीवर परत जाऊन बसले.

नूरू वीट लावत गेला. बाहेर टेंपोवाल्याने हॉर्न वाजवला. कुणी हललं नाही. पारूबाई आत येऊन उभी राहिली. तिच्यामागे आणखी चारजण. भिंत गुडघ्याएवढी झाली. मग मांडीएवढी. महाराजांनी सांगितलेलं काम, त्यात कोण तोंड घालणार? काकूचे ओठ मात्र हलत होते. एकदा तिने पदर खोचला. परत सोडला. परत खोचला.

भिंत कमरेला आली.

"थांब रे नूरू," काकू म्हणाली.

"महाराजांनी सांगितलंय, मावशी."

"सांगितलं असेल. पण चुकीचं सांगितलंय."

येसाजी तिच्यापासून जरा लांब सरकला.

काकूचा चेहरा लाल झाला होता, पण ती थांबली नाही. "इथं भिंत नको. येताजाता आडवी येईल. आता आहे तेवढीच राहू दे. आत माती भर, वर फरशी टाक. चारही बाजूंनी उभं राहून भाजी चिरता येईल. खाली बसून बसून माझे गुडघे गेले."

नूरूचा हात विटेवर तसाच राहिला. सगळ्यांनी दाराकडे बघितलं. ओसरीवरून काही आवाज आला नाही.

येसाजी परत जवळ आला. "फरशी नुसती नको. कोपऱ्यात एक खळगा ठेव. भाताचं पातेलं गरम गरम उतरवून ठेवता येईल. नाहीतर लवंडतं."

"खळग्यात पाणी साचेल," पारूबाई म्हणाली. "मग त्यात तुमची शितं कुजतील आणि वास आम्हाला."

"उतार दिला की नाही साचणार."

"उतार दिला की पातेलं कलणार."

"तुमच्या भाकरी नाहीत तिथं ठेवायच्या, तुम्हाला काय करायचंय?"

"का नाही? ओटा काय तुमच्या गावाने आणला?"

टेंपोपाशी उभे असलेले बाकीचेही आत आले. एकाने फरशी कुठे मिळेल ते सांगितलं. दुसरा म्हणाला, ती फुटकी आहे. काकू म्हणाली, फुटकी असेना का, जोडून लावू. पारूबाई म्हणाली, जोडून लावलेल्या फटीत पीठ अडकतं, मुंग्या होतात. कोण कुणाचं ऐकतंय ते समजत नव्हतं.

दौलतगिरीलाही काहीतरी सुचलं. तो बोलला. कुणाचं लक्ष गेलं नाही. तो परत बोलला.

"ते नाही जमायचं, बुवा," पारूबाई म्हणाली. "आधी ही वीट धरा."

त्याने वीट धरली. का धरली, ते त्याला कळलं नाही.

बाहेर हॉर्न पुन्हा वाजला. टेंपोवाला आत येऊन विचारू लागला, निघायचं की नाही ते सांगा. येसाजीने मागे न बघता हात हलवला. "पातेली उतरवून ठेव रे बाबा. इथं काम पडलंय. आणि ते मोठं पातेलं आधी आत आण, खळगा मापून घेऊ."

टेंपोवाल्याला काही समजलं नाही. पण तो पातेलं घेऊन आला.

उन्हं वर आली तेव्हा दौलतगिरी बाहेर पडला. हात मातीने भरले होते. एका बोटाची साल गेली होती. आतला आवाज ओसरीपर्यंत येत होता. आता भांडण फरशीच्या रंगावर आलं होतं.

तो महाराजांसमोर बसला. बोटांवरची माती खरवडत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू जुना उजेड आला.

"कळलं, महाराज," तो म्हणाला. "आत्ता कळलं. तुम्हाला ओटाच हवा होता. भिंत म्हणालात ती नुसती त्यांना बोलतं करायला."

महाराजांनी त्याच्याकडे बघितलं. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या.

"नाही रे," ते म्हणाले. "मला भिंतच हवी होती."