पेजेत पडलेले पहिले मीठ

भाविकहो, त्या वर्षी उपासकाळात ख्रिस्ती साधू इनासबाबा भुईखार गावी मुक्कामाला होते. खाडीकाठचे हे मिठागरांचे गाव. बाबांना घर असे नव्हतेच. देवळाच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या, ओटीवर घोंगडी टाकायची, कुणी वाढेल ते खायचे आणि लोकांना शास्त्र उलगडून सांगायचे. बाबा बोलू लागले की माणसे हातातले काम विसरत, आणि बायका चुलीवरचा भात!

या गावाची एक रीत होती. हंगामाचे मीठ निघाले की पहिली टोपली देवळात द्यायची. बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाच्या जिभेवर वर्षभर त्यातलाच खडा ठेवत. शास्त्रात मिठाचा करार सांगितला आहे. मीठ नासत नाही, तसा देवाचा आपल्याशी झालेला करारही नासत नाही. म्हणून टोपली देवळात पोचेपर्यंत नव्या मिठाला घरात कुणी बोट लावत नसे.

इजाबेलबायच्या हातून नेमके तेच झाले. तिने पहिली टोपली भरून दारात ठेवली आणि त्याच सकाळी तिचा नवरा पास्कू गेला. मातीला आलेल्या माणसांसाठी पेज शिजली, घरातले मीठ संपलेले. रडून रडून डोळे सुजलेल्या त्या बाईने दारातल्या टोपलीत हात घातला, आणि मूठभर मीठ पेजेत टाकले. काय केले ते तिला दुसऱ्या दिवशी कळले, आणि गावालाही. त्यात चार दिवसांनी तिच्याच कोंडीच्या, म्हणजे मीठ पिकवायच्या वाफ्याच्या, बांधाला खिंडार पडले.

बांधाचा मुकादम होता कैतान. माणूस कामाला वाघ, पण नाक सदा वर! देवळासमोर सगळ्यांदेखत त्याने तिला सुनावले, "तू करार मोडलास, म्हणून दर्या आत आला. उद्या अमावास्येचं उधाण आहे. तुझी कोंडी टोकाची, बुडाली तर तुझी एकटीची बुडेल. गावातलं कुणी तिला चिखलाचा गोळा लावणार नाही. आणि बुडाली की मिठागर सोडून जायचं!"

त्या एका कोंडीवर तिचे आणि म्हाताऱ्या सासूचे पोट होते. ती बाबांच्या पाया पडली. "बाबा, देवानं माझा हात सोडला का हो?"

बाबांनी तिला बसवले. म्हणाले, "बाय, अब्राहामाची गोष्ट ठाऊक आहे ना? तेव्हा करार करताना जनावरं कापून दोन बाजूंना मांडायची आणि मधून चालायचं. जो करार मोडेल त्याची हीच गत होवो, असा त्याचा अर्थ. अब्राहामानं सगळं मांडलं. मग तो मधून चालला का?"

"चालला असेल की."

"नाही गं! तो गाढ झोपला होता. देवाचा अग्नी तेवढा मधून गेला. दोघांचाही भार देवानं एकट्यानं घेतला, आणि पुढे क्रुसावर तो सोसलाही. आता तुझं मूठभर मीठ चुकलं म्हणून तो माघार घेईल होय?"

कैतान मागे उभा होता. हसून म्हणाला, "गोड बोलण्यानं खिंडार बुजत नाही, बाबा. उद्या बघू तुमचा करार."

"बघू की," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी उधाण चढू लागले. सारा गाव आपापल्या बांधावर, आणि इजाबेलबाय एकटी टोपलीने चिखल वाहतेय! खिंडार जेमतेम गुडघाभर बुजले. तेव्हा बाबा गेले आणि खाडीकडे तोंड करून त्या खिंडारात सरळ मांडी घालून बसले.

इतक्यात शेजारून हाक आली, "अरे, धावा रे!" कैतानचा बांध फुटत होता. त्याची माणसे पार पलीकडच्या टोकाला होती. बिचारा एकटाच पाठ लावून उभा, मागे तयार मिठाने पांढरी झालेली कोंडी. इजाबेलबायने एकदा त्याच्याकडे पाहिले, एकदा आपल्या खिंडाराकडे. तिचा पाय उचलेना.

"जा बाय," बाबा म्हणाले. "इथे मी आहे. माझ्याआधी देव आहे."

ती धावली. टोपलीवर टोपली चिखल तिने कैतानच्या पायाशी थापला. ओहोटी लागली तेव्हा त्याचा बांध उभा होता. मग एकदम कैतानच ओरडला, "अगं, तुझं खिंडार!"

दोघे पळत गेले. आणि काय पाहतात! बाबांच्या समोर पाणी छातीपर्यंत चढलेले, आणि पाठीवरची कफनी कोरडी ठणठणीत. मागच्या कोंडीत थेंब आला नव्हता. इजाबेलबायने पास्कू गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला.

कैतान बाबांच्या पायांशी वाकला. बाबांनी पाय मागे घेतले. "माझ्या नको. तुझ्या बांधात जिच्या हातचा चिखल आहे, तिच्या पाया पड."

कैतानने तिच्यापुढे डोके टेकले. "बाय, मातीच्या दिवशी ती पेज मी दोनदा मागून घेतली. तुझं मीठ खाल्लं, आणि तुलाच घालवायला निघालो."

"उठा भावजी," ती संकोचून म्हणाली, "लोक बघतात."

पुनरुत्थानाच्या रविवारी कैतानच्या नातीचा बाप्तिस्मा झाला. मीठ इजाबेलबायच्या त्याच पहिल्या टोपलीतले. आणि ती टोपली कैतानने स्वतःच्या डोक्यावर देवळात आणली होती. जिभेवर खडा ठेवताच बाळाने असे तोंड वाकडे केले की सारी मंडळी हसली. कैतान तेवढा हसला नाही. तो मान खाली घालून गुडघ्यांवर बसला होता, आणि त्याचे डोळे वाहत होते.