दोरीतली गाठ

एकदा एक मुलगी कळसूत्री बाहुल्यांचे खेळ करणाऱ्या एका वृद्ध सूत्रधाराकडे रुसून आली. लहानपणी ती त्याच्याच हाताखाली दोऱ्या धरायला शिकली होती. पुढे शहरात गेली आणि संगणकावरचे खेळ करू लागली. आता कुणी म्हणेल, दृष्टांतात संगणक कशाला? माणूस जिथे जीव ओततो तिथे दृष्टांत सापडतो. ज्याला वटवृक्ष आणि पर्णकुटीच हवी त्याने खुशाल दुसरीकडे पाहावं.

नोकरी सांभाळून, एकटीने, तिने एक खेळ रचला होता. त्यात खेळणारा घरापासून दुरावलेल्या एका मुलीची भूमिका घेतो, गावोगाव हिंडतो, भेटेल त्याच्याशी बोलतो आणि अखेर आपल्या घराच्या दाराशी पोचतो. आत आई असते. ही आई म्हणजे त्या मुलीची स्वतःचीच, नुकती वारलेली आई. तिचं बोलणं, तिचे टोमणे, सगळं मुलीने जसंच्या तसं त्यात घातलं होतं. आई गेल्यापासून वडील तिचा विषयही काढत नसत. त्यांनी हा खेळ शेवटपर्यंत खेळावा, आणि मग तरी दोघांनी तिच्याविषयी बोलावं, यासाठी तो सगळा खटाटोप.

वडील खेळले. आवडीने गावोगाव हिंडले. दाराशी आले आणि अडले. दाराची कडी निघेना. दोन-चारदा बटण दाबलं, “मला नाही जमत हे, राहू दे,” म्हणाले आणि उठून गेले. पुन्हा बसलेच नाहीत.

मुलीने याचा अर्थ लावला की बाबांना आईपाशी जायचंच नाही. तेव्हापासून ती आईचे संवाद पुन्हा पुन्हा लिहीत बसली होती.

वृद्धाने सगळं ऐकून घेतलं आणि इतकंच विचारलं, की कडी का निघत नाही? मुलगी तडकली. मोठ्या कंपन्यांकडे नुसती दारं घासूनपुसून गुळगुळीत करायला माणसं असतात, ती एकटी आहे. तिचा खेळ कथेचा आहे, कड्या-कोयंड्यांचा नाही. ज्याला कथेची ओढ असेल तो जरा धडपडेल आणि दार उघडेल. तिला स्वतःला तर ते कधीच अडलं नव्हतं. संध्याकाळी शाळेच्या पटांगणात खेळ आहे, तेवढी आईची बाहुली तू धर, असं वृद्ध म्हणाला.

त्या खेळात कित्येक वर्षांनी परतलेली लेक उंबऱ्यात उभी राहते, आई तिची अलाबला घेते. तोंडावरून दोन्ही हात फिरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडते. या जागी बायका पदर डोळ्यांना लावत. बाहुली जुनी होती, नाकाचा टवका उडालेला, लुगड्याचा रंग विटलेला. मुलीने दोऱ्या ओढल्या. एक हात लेकीच्या गालावर गेला, दुसरा मात्र वर उगारलेलाच राहिला. तिने हिसका दिला, तसा तो आणखी वर गेला.

“म्हातारी हाणतेय वाटतं पोरीला,” गर्दीतून कुणीतरी म्हणालं, आणि पटांगण हसून लोळलं.

पडदा पडल्यावर मुलगी मान वर करीना. सवय मोडली, आपला हातच बिघडला, आता दोऱ्या माझ्याकडे देऊ नका, असं पुटपुटत राहिली. तेव्हा वृद्धाने बाहुली उताणी केली. दोरीला आत, पदराखाली, एक गाठ होती.

“ही मी मारली,” तो म्हणाला.

“भर खेळात, आबा? मुद्दाम?” तिचा आवाज चिरकला. “माझं हसं झालं.”

“झालं खरं. पण मघापासून तू कुणाला दोष देत होतीस? मला नाही, दोरीला नाही. स्वतःच्या हाताला. पोरी, माझ्या खेळात दोऱ्या माझ्या हातात असतात, लोक नुसते बघतात. तुझ्या खेळात तू दोरी बघणाऱ्याच्याच हातात देतेस. तिथे गाठ राहिली, तर त्याला वाटतं आपणच अडाणी. तुझा बाप आईला टाळून उठला नाही. स्वतःला लाजून उठला.”

थकल्या आवाजात मुलीने विचारलं, की आपल्या खेळातली झाडं पुठ्ठ्यासारखी दिसतात, माणसं चालताना घसरल्यासारखी वाटतात, हे सगळं एकटीने कधी निस्तरायचं?

“बाहुलीचं नाक किती वर्षं फुटकं आहे? कुणी हसलं? नाक कुणाच्या हातात येत नाही. दोरी येते.”

ती घरी गेली. खेळातल्या घराच्या दाराशी तिने वडिलांना पुन्हा बसवलं, पण या वेळी पडद्याकडे न बघता त्यांच्या बोटांकडे बघत राहिली. वडील दारासमोर मधोमध उभे राहिले, जसा कुणीही उभा राहील. कडी मात्र डाव्या अंगाने गेलं तरच निघत होती. तिने स्वतः ती घडवली, म्हणून तिचा हात न सांगता डावीकडे जायचा. इतरांच्या हाताला ते कसं ठाऊक असावं?

“बाबा, तुमचं काही चुकलं नव्हतं,” ती म्हणाली, आणि कामाला लागली. झाडं पुठ्ठ्याचीच राहिली.

वडील परत दाराशी आले तेव्हा कडी पहिल्याच खेपेला निघाली. चुलीपाशी बसलेल्या आईने वर न बघताच विचारलं, “एवढा उशीर?” पडद्यावर खाली उत्तरं आली, त्यांतलं एक निवडायचं होतं.

वडिलांनी कितीतरी वेळ एकही निवडलं नाही. मुलीने घाई केली नाही. मग ते पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, “अशीच विचारायची ती. वर बघायचीसुद्धा नाही.”